उठावाची अक्षरं

वडणगेचा कृष्णात चौगले शांतिसेनेतून परतला
तेव्हा बायकोला अत्तर आणलं, पोरांना चॉकलेटं,
आणि अब्बांना पत्रा.
दोन हात लांब, विमानतळावर तीनदा उघडून बघितलेला.
जलपरी होती. केसांत पक्षी, हातात आरसा.

शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला आमचं दुकान.
कणग्या, घमेली, चुली, त्यांच्यामध्ये ती उघडीवाघडी.
गिऱ्हाइकं आधी मान वळवत,
मग हळूच परत बघत.

अब्बांनी, दस्तगीर शिकलगारांनी,
तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही.
उलटी केली, कड चाचपली.
"बॅरलचाच हाय. छन्नी डावखुऱ्यानं धरलीया.
हितं शेपटीपाशी घसरली, तर त्यानं तिथं खवला काढला.
हुशार गडी."
चुकलं तर त्याचा खवला करायचा.
चित्रकलेचं एवढंच शिक्षण अब्बांना मिळालं.

कृष्णात चहा फुंकत सांगायचा,
हैतीत एक गाव आहे, सगळी गल्लीच ठोकते.
बॅरलात केळीची वाळली पानं कोंबून पेटवतात,
जुनं तेल, जुना रंग जळून जातो,
मग पत्रा चादरीसारखा उलगडायचा, खडूची रेघ मारायची.
भूकंप झाला तेव्हा तीन दिवस गल्ली गप्प.
चौथ्या दिवशी एक हातोडी वाजली.
मग लांबून दुसरी.
"हातोडीवरनं वळखायचे वो, कोण जित्तं हाय.
आमी ढिगारं उपसतोय आन् हे ठोकत्यात.
सायेब म्हणला, येड लागलंय.
मला न्हाय वाटलं तसं."

तिच्या पाठीवर, कमरेपाशी, उठावाची अक्षरं होती.
तिथल्या एका मास्तरला विचारून त्यानं अर्थ आणलेला:
पेट घेईल, जपून.
"पयले गुलाम हुते ते लोक. उठाव करून सुटले."
अब्बा म्हणाले, "उठाव मागनंच ठोकावा लागतोय.
म्होरनं ठोकलं की निस्ता खड्डा."

नऊ वर्षं ती खिळ्यावर.
मग एका श्रावणात पंचगंगा नाल्यातून उलटी आली,
गुडघा, कंबर, शटरची पाटी.
आम्ही सगळे बोर्डिंगच्या वरच्या मजल्यावर,
खाली पाण्यात ती एकटी.

चिखल उपसून झाला नव्हता, तोवर
दुधाळीची हौसाक्का पोवार आली.
घमेलं नको, कणगी नको.
"माजी चांदी म्हस गेली. दाव्यालाच ऱ्हायली.
दावं मी सोडलं न्हवतं.
फोटू न्हाय तिचा. तुज्या त्या बाईवानी करून दे."
"मी पत्रा कापतो आक्का, चित्रं न्हाय काढत."
ती उंबऱ्यावर बसून राहिली.

बॅरल जाळायला पाचट हवं होतं,
पण सगळा ऊस कुजलेला.
मी कलानिकेतनचे माझे भिजके कागद आणले,
तीन दिवस पत्र्यावर वाळवलेले.
संध्याकाळचा रंकाळा, सहा वेळा काढलेला,
शेरा प्रत्येकावर 'चांगले'.
झकास पेटले.

हौसाक्का सांगत गेली. डावं शिंग खाली. पोट लोंबतं.
कान, न्हाय, आणखी मोठा.
अब्बा कापत गेले, जीभ दातांत धरून.
आणि गळ्यापाशी छन्नी घसरली.
कोणीच काही बोललं नाही.
अब्बांनी खडू उचलला, पुसला, परत उचलला,
आणि त्या चिरेतून दाव्याचं टोक काढलं,
तुटलेलं.

हौसाक्कानं त्या टोकावर बोट ठेवलं.
बराच वेळ काढलं नाही.
"किती झालं?"
"घमेल्याचं दे."

बांधून देताना मी म्हैस उलटी केली.
पाठीवर उठावात 'ज्वलनशील', आगीतूनही वाचलेलं.
"ठोकून सपाट करू?"
अब्बा दुसऱ्या बॅरलचं बूड काढत होते.
हातोडी थांबली नाही.
"ऱ्हाऊ दे."